दिवे पुलावर, रंग डोळ्यांत

एकही पिवळा दिवा न लावता अख्खा पूल पिवळाधमक करता येईल? येतो! आणि पाहणाऱ्या हजार माणसांपैकी एकालाही शंका येत नाही.

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याची राजधानी लिटल रॉक. राजधानी असली तरी वस्ती जेमतेम 2 लाखांची. आर्कान्सा नदीच्या या तीरावर लिटल रॉक, पलीकडे नॉर्थ लिटल रॉक. ऑफिसं सुटली, माणसं गाड्या काढून उपनगरांत गेली की शहराचा मधला भाग ओस पडायचा, हे अशा कितीतरी अमेरिकन शहरांचं जुनं दुखणं. अशा या शहरातले तीन पूल डिसेंबर 2013मध्ये रंगीत दिव्यांनी उजळले. एंटर्जी या वीज कंपनीने आपल्या शताब्दीनिमित्त त्यासाठी 20 लाख डॉलर दिले होते.

तीनपैकी मेन स्ट्रीटचा पूल वाहनांचा. उरलेले दोन जुने रेल्वेपूल आहेत, आणि खरी गंमत त्यांच्यातच आहे. जंक्शन ब्रिज 1884चा. ज्या खडकावरून शहराला ‘लिटल रॉक’ हे नाव पडलं, तो खडक याच पुलाच्या दक्षिण टोकाशी आहे. पुढे 1970मध्ये या पुलाला मधला भाग सरळ वर उचलता येईल अशी रचना आली. खालून मोठ्या मालबोटी जाव्यात म्हणून. रेल्वेगाड्या बंद झाल्यावर तो भाग वरच कायमचा पक्का केला गेला आणि 2008मध्ये पूल पादचाऱ्यांना खुला झाला. आज माणसं लिफ्टने वर जातात, नदीवर अधांतरी चालतात आणि पलीकडे लिफ्टने उतरतात! त्याचा शेजारी 1899चा रॉक आयलंड रेल्वेपूल. तोही 2011पासून पादचाऱ्यांचा झाला, आता माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या नावाने.

पण रोषणाईला हे जुने लोखंडी सांगाडेच इतके का शोभतात? कारण प्रकाश हवेतून जाताना दिसतच नाही. तो कशावर तरी आपटावा लागतो. या सांगाड्यांत उभ्या, आडव्या, तिरप्या पट्ट्यांचं जाळं असतं. दिवा पट्टीच्या अगदी पायथ्याशी ठेवून प्रकाश तिच्या अंगावरून घासत वर सोडला, की प्रत्येक रिव्हेटची टोपी एका बाजूने झळकते आणि दुसऱ्या बाजूला चिमुकली सावली टाकते. दिवसा जे निव्वळ गंजकट लोखंड वाटतं, त्यात रात्री कारागिराचा हात दिसू लागतो.

आता त्या पिवळ्याकडे वळू. रंग बदलणाऱ्या अशा दिव्यांत बहुधा तीनच रंगांचे एलईडी असतात: लाल, हिरवा, निळा. आपल्या डोळ्यांतही रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या. लाल आणि हिरवा प्रकाश एकदम डोळ्यांत शिरला की त्या पेशी मेंदूला जो निरोप धाडतात, तो खऱ्या पिवळ्या प्रकाशाच्या निरोपासारखाच असतो. मेंदू म्हणतो, पिवळा! म्हणजे तो रंग पुलावर नाहीच. तो तयार होतो तुमच्या डोक्यात.

मग केशरी कसा होतो? जांभळा, गुलाबी? प्रत्येक रंगाची तीव्रता 256 पायऱ्यांनी कमी-जास्त करायची. तिन्हींचा गुणाकार होतो 1 कोटी 67 लाखांहून अधिक छटांचा. आणि तीव्रता कमी करायची म्हणजे बहुतेक वेळा काय करतात ठाऊक आहे? दिवा मंद करतच नाहीत. तो सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करतात. चालू राहण्याचा वेळ कमी, तर उजेड कमी. जोरात फिरणाऱ्या पंख्याची पाती जशी सुटी दिसत नाहीत, तशी ही उघडझाप दिसत नाही.

या त्रिकुटातला निळा मात्र माणसाला फार उशिरा सापडला. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी 1962मध्ये केला. पुरेसा तेजस्वी निळा हाती यायला 1990चं दशक उजाडलं, कारण त्यासाठी लागणारे गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवणं महाकठीण होतं. जपानी वंशाचे तीन संशोधक, आकासाकी, आमानो आणि नाकामुरा, चिवटपणे त्यामागे लागले. त्यांना नोबेल जाहीर झालं 2014च्या ऑक्टोबरमध्ये. लिटल रॉकचे पूल तोवर जवळजवळ दहा महिने झळकत होते!

आणि नदी? तिला विसरून कसं चालेल! पाणी अगदी शांत असतं तर पुलाचं नुसतं उलटं चित्र दिसलं असतं. पण प्रत्येक लाट हा वेगवेगळ्या कोनात कललेला आरसा. त्यामुळे एकेका दिव्याचं प्रतिबिंब तुमच्या दिशेने लांब ओघळतं आणि पाण्यावर रंगांचे उभे खांब थरथरतात. खरं तर हा खेळ निम्मा फुकटचा आहे. नदीकाठच्या शहरांनी पुलांवरच्या दिव्यांवर पैसा घालावा, असं मला त्यासाठीच मनापासून वाटतं.

अर्थात वाटेल तसे दिवे लावून चालत नाही. अमेरिकेत पुलांवर नौकांसाठी खुणेचे दिवे असतात. साधारणपणे हिरवा दिवा जलमार्गाचा मध्य दाखवतो, लाल दिवा खांबांची जागा. सजावटीच्या हिरव्या-लाल झगमगाटात ते हरवले, तर रात्री मालबोट हाकणाऱ्याने वाट कशी ओळखायची? म्हणून रोषणाई आखताना नदीतून पूल कसा दिसेल हेही पाहावंच लागतं.

यातलं पुष्कळसं तुम्हाला तुमच्याच गावात तपासता येईल. रंग बदलणारा एखादा एलईडी दिवा गाठा. तो पिवळा झाला की जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर त्याचं प्रतिबिंब धरा: लाल आणि हिरवा ठळक, मधला पिवळा जवळजवळ गायब. मग अंधारात मोबाइलचा कॅमेरा झपकन आडवा फिरवत फोटो काढा. दिव्याची रेघ तुटक आली, तर ती उघडझाप तुम्ही पकडलीत. लहान मुलं सोबत असतील तर आधी त्यांना करू द्या.