स्वस्त लॅपटॉप: नवा हलका की जुना दणकट?

मुलांचा अभ्यास, बँकेची कामं, थोडं टायपिंग, एवढ्यासाठीच लॅपटॉप हवाय? २०२३च्या जुलैअखेर आलेला जिओबुक १६,४९९ रुपयांचा होता. वजन ९९० ग्रॅम, आत ४जी सिम; लोकलने रोज नेणाऱ्याला छानच. पण रॅम ४ जीबी, स्टोरेज ६४ जीबी, आणि विंडोज नाही.

माझा कौल ऑफिसांतून निघालेल्या जुन्या थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड लॅपटॉपला. कीबोर्ड उत्तम, शिवाय बऱ्याच मॉडेलांत रॅम वाढवता येते. असे लॅपटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत मिळतात. बोरिवली-अंधेरीकरांनी स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरावं, मुलुंड-घाटकोपरकरांनी दादरला गाडी बदलावी; लॅमिंग्टन रोड ग्रँट रोड स्टेशनहून चालत जाण्याइतका जवळ.

प्रोसेसर मात्र नीट बघा. आय५-८२५०यू मधला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचीच लागते. सहावी-सातवी स्वस्तात देतात. ती विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकणार असाल तरच घ्या.

दुकानातच बॅटरी रिपोर्ट काढायला लावा, त्यात मूळ आणि आताची क्षमता दोन्ही दिसतात. एसएसडी आहे ना, बिजागऱ्या घट्ट आहेत ना, तेही तपासा. जीएसटी बिलावर सीरियल नंबर लिहून घ्याच.