महाविद्यालयीन संकेतस्थळाचे व्यवस्थापन : अहवाल आणि कार्यसूची

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी १७ बाबींची माहिती प्रसिद्ध करून ती दरवर्षी अद्ययावत करणे बंधनकारक आहे. शासनाचे भरीव अर्थसाह्य लाभणारी महाविद्यालयेही या कक्षेत येतात. संकेतस्थळ हे त्याचे सुलभ साधन होय.

सर्व्हरच्या अहवालातून तुटलेले दुवे (त्रुटी ४०४) समजतात. मात्र अहवाल दोष केवळ दर्शवितो. त्याच्या निराकरणासाठी काम, जबाबदार व्यक्ती, मुदत व पूर्ततेचा दिनांक अशा चार रकान्यांची कार्यसूची आवश्यक ठरते.

शिळी माहिती अशा अहवालात दिसत नाही. दुवा शाबूत असूनही शिष्यवृत्तीची मुदत गतवर्षीची असेल, तर चंदगड, शाहूवाडीसारख्या तालुक्यांतून कोल्हापुरास येणाऱ्या विद्यार्थ्याची संधी हुकते. म्हणून प्रत्येक पृष्ठाच्या फेरतपासणीचा दिनांक कार्यसूचीत आधीच नोंदविणे अगत्याचे आहे.