आत्मचित्रात आधी सावली, मग रंग

आत्मचित्र काढायला सांगितले की चित्रकलेच्या विद्यार्थ्याचा हात आज प्रथम मोबाइलकडे वळतो. समोरून उजेड पडलेल्या छायाचित्रात चेहरा सपाट होतो. मग त्वचेचा रंग हुबेहूब जुळवण्यातच सारे श्रम खर्च होतात. सतराव्या शतकातील डच चित्रकारांची रीत याच्या उलट होती. आधी छायाप्रकाश, रंग त्यानंतर.

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटचे १६२८च्या सुमाराचे आत्मचित्र आहे. तेव्हा तो जेमतेम बावीस वर्षांचा होता, म्हणजे आजच्या विद्यार्थ्याच्याच वयाचा. ओकच्या फळीवरील हे चित्र सुमारे २३ बाय १९ सेंटिमीटर एवढेच आहे. उजेड गालावर आणि मानेवर पडला आहे. डोळे मात्र सावलीत बुडाले आहेत. केसांच्या बटा उजळण्यासाठी त्याने ओल्या रंगात कुंचल्याच्या मागच्या टोकाने ओरखडे काढले.

ही पद्धत वापरायची तर खिडकीजवळ आरसा मांडावा आणि उजेड एकाच बाजूने येऊ द्यावा. पांढऱ्या कॅनव्हासवर प्रत्येक छटा असते त्याहून गडद भासते. म्हणून त्यावर आधी तपकिरी रंगाचा पातळ हात द्यावा. तो वाळल्यावर अंबर या मातकट तपकिरी रंगाने केवळ उजेड आणि सावली मांडावी. या पायरीला डच चित्रकार ‘मृत रंग’ म्हणत. अंबरमध्ये मँगनीज असल्याने तो लवकर वाळतो. हाडांच्या कोळशाचा काळा रंग वाळायला फार वेळ घेतो. म्हणून खालच्या थराला अंबर सोयीचा.

त्यानंतर रंग चढवावेत. सावल्या पातळ आणि पारदर्शक ठेवाव्यात, म्हणजे खालचा तपकिरी थर त्यांतून डोकावतो आणि त्या मागे सरकतात. उजळ भाग जाड रंगाने भरावेत. तो उंचवटा खोलीतला उजेड झेलतो आणि पुढे येतो. रेम्ब्रांट यासाठी शिशाचा सफेता वापरी. तो विषारी असल्याने विद्यार्थ्यांनी टायटॅनियमचा पांढरा घ्यावा.

येथे घाई नडते. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातील जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. म्हणून खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात अधिक असावे. क्रम उलटला तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत दोन थरांमध्ये अधिक दिवस जाऊ द्यावेत.

या परंपरेशी गोव्याचेही नाते आहे. सांग्यात १८७० साली जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून तेथेच अध्यापन केलेले आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद ‘पूर्वेचे रेम्ब्रांट’ म्हणून ओळखले जात. पणजीच्या फुंदासांव ओरियेंत या संस्थेकडे त्यांच्या चित्रांचा संग्रह आहे.

तपकिरी छटा आणि काळी पार्श्वभूमी उचलली की पद्धत साधली, असे अनेकांना वाटते. त्यातून चित्र केवळ जुनाट दिसते. खरी कसोटी डोळ्यांपाशी लागते. आरशात ते अंधारात असतील, तर ओळख पटावी म्हणून ते उजळण्याचा मोह प्रत्येकाला होतो. बावीस वर्षांच्या रेम्ब्रांटने तो आवरला. विद्यार्थ्याने त्याच्याकडून घ्यायचा तो हा संयम.