पोटातली गाठ आणि हातातली वही

मराठीत ‘गाठ’ हा शब्द एरवी मोठा लोभस आहे. लग्नगाठ, खूणगाठ, गाठभेट, पदराची गाठ. पण हाच शब्द सोनोग्राफीच्या कागदावरून घरात आला की सगळ्यांचे चेहरे उतरतात. बाईच्या पोटात गाठ म्हटले की प्रत्येकाच्या मनात एकच रोग येतो, आणि त्याचे नाव मात्र कोणी उच्चारत नाही.

बीजांडकोश दोन, गर्भाशयाच्या दोन बाजूंना, कवचासकट बदामाएवढे. तिथे दर महिन्याला बीजाभोवती पाण्याची इवली पिशवी तयार होते, दोनेक सेंटिमीटरची झाली की फुटते. एखादे वेळी ती फुटायची राहते आणि वाढत जाते. नेहमी आढळणारी गाठ ती हीच, आणि बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते. तेव्हा ‘सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू’ असे डॉक्टर म्हणाले, तर ते टाळाटाळ करताहेत असे समजू नये.

न जिरणाऱ्या गाठीही असतात. माझ्या भाचीला, वय चोवीस, लग्न व्हायचे, तशी एक निघाली. डर्मॉइड, उजव्या बाजूला, आठ सेंटिमीटरची. हिच्यात चरबी, केस, कधी दातसुद्धा सापडतात. हे कळताच मोहल्ल्यातल्या एका आजीने करणीचे निदान केले आणि पलीकडच्या वाड्यातल्या काकूंनी दुजोरा दिला. अशा बाबतीत आपली एकात्मता वाखाणण्याजोगी! खरे कारण साधे आहे. बीजपेशीत शरीराचा कुठलाही भाग घडवण्याची ताकद असते, त्यातली एखादी भलत्या वेळी कामाला लागते. या गाठी बहुतांशी निरुपद्रवी असतात. भीती असते ती गाठीच्या वजनाने बीजांडकोश पिळला जाण्याची. अचानक असह्य कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ रिक्षा बोलवायची.

डॉक्टरांकडे जाण्याआधी आम्ही दोघींनी वही केली. शेवटच्या पाळीची तारीख, कधी आणि कुठे दुखते, आधीचे रिपोर्ट आणि चालू औषधे. हकिमाची पुडी, वैद्याची मात्रा, होमिओपॅथीच्या गोळ्या, सगळे लिहायचे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहाची औषधे तर ठळक अक्षरात, कारण ती कधी थांबवायची हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. पोटावरून सोनोग्राफी असेल तर लघवी तुंबवून जावे लागते, आतून असेल तर मोकळे होऊन. तपासताना खोलीत बाई हजर असावी असे वाटत असेल तर तसे सांगावे.

मग प्रश्न. गाठ कोणत्या जातीची? आत घट्ट भाग दिसतो का? थांबता येईल का? नुसती गाठ काढणार की बीजांडकोशही? दुर्बिणीतून की पोट उघडून? “खाला, चौथा प्रश्न मी विचारते,” भाची म्हणाली. विचारला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवले, की गाठ सोलून काढायची आणि बीजांडकोश राखायचा. ‘सीए १२५’ या रक्तचाचणीचा आकडा ३५च्या आत असतो, पण पाळी चालू असताना किंवा पोटाच्या क्षयातही तो वाढतो, तेव्हा एकट्या आकड्यावरून झोप घालवू नका, असेही त्यांनीच सांगितले. पाळी गेलेल्या बाईत मात्र त्याला जास्त महत्त्व.

आता संमतिपत्र. आपल्याकडे ते वाचण्याआधी पेन शोधतात. १९९५ साली दिल्लीत समीरा कोहली या अविवाहित रुग्ण स्त्रीला केवळ दुर्बिणीने तपासणीसाठी भूल दिली होती. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि दोन्ही बीजांडकोश काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निकाल दिला: तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि जिवावर बेतले नसताना सज्ञान स्त्रीच्या वतीने आईची सही चालत नाही. आमची आपाही पेन काढून बसलीच होती. भाची म्हणाली, “अम्मी, सही माझी.” मग इंग्रजी मजकूर तिने मराठीतून समजावून घेतला आणि ‘उजवीकडील फक्त गाठ’ असे लिहून घेतले. आत काही संशयास्पद दिसले तर काय करायचे, हेही तेव्हाच ठरले. माझ्या मते सगळ्या तयारीत मोलाची ती ही पंधरा मिनिटे.

अशा गाठीची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १८०९ साली अमेरिकेत केंटकीत झाली. भूल निघायची होती. जेन क्रॉफर्ड नावाची ती बाई टेबलावर स्तोत्रे म्हणत होती म्हणे. आज भूलतज्ज्ञ असतात, त्यांच्यापासून काही लपवू नये. दमा, खोकला, हलणारा दात, आणि मशेरी लावत असाल तर तीही. सांगितलेल्या वेळेनंतर बिस्किटसुद्धा नाही, कारण बेशुद्धीत पोटातले फुप्फुसात उतरू शकते. बांगड्या, चमकी, नेलपॉलिश घरीच काढावे. नखांच्या रंगाने बोटाला लावलेले ऑक्सिजनचे यंत्र चुकू शकते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरतात, त्यामुळे नंतर दोन-तीन दिवस खांदा दुखतो. भाचीचाही दुखला. ठाऊक होते म्हणून ती घाबरली नाही, पण आपाने तेल गरम केलेच. काढलेली गाठ तपासणीला जाते. तो रिपोर्ट यायला काही दिवस लागतात आणि टाके बरे झाल्यावर तो आणायचे पुष्कळदा राहून जाते. आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर तारीख लिहून ठेवली होती. त्या दिवशी भाची एकटीच जाऊन घेऊन आली.