उभी गाडी, भर ऊन आणि मुका सोबती

मे महिना सुट्ट्यांचा, लग्नसराईचा आणि प्रवासाचा. हल्ली घरोघरी कुत्री पाळली जातात. गावाला निघताना त्याला कुणाकडे ठेवायचे हा प्रश्न पडतो आणि व्हॅनच्या मागच्या बाकावर त्याचीही सोय होते. यात गैर काहीच नाही. धोका असतो तो गाडी थांबल्यावर. ढाब्यावर किंवा देवळाशी माणसे उतरतात आणि कुत्रा आत राहतो.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी, पशुवैद्यकीय दवाखाना बंद म्हणून एक कुटुंब आपला पग जातीचा कुत्रा घेऊन आमच्याकडे आले. व्हॅन कडुलिंबाखाली लावली होती, काचा दोन बोटे खाली होत्या. जेवायला पाऊण तास लागला, तेवढ्यात सावली सरकली. आम्ही अंगावर पाणी ओतले, पंख्याखाली ठेवले. पण उशीर झाला होता. घरातली लहान मुलगी 'काच तर उघडी होती ना?' असे पुन्हापुन्हा विचारत होती. तिच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

गाडीची भट्टी कशी होते?

ऊन काचेतून आत येते, सीट व डॅशबोर्ड तापतात आणि ती उष्णता आतच कोंडते. अमेरिकेतील 'पेडिॲट्रिक्स' या बालरोगविषयक नियतकालिकात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उन्हात उभ्या गाडीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढल्याचे आढळले. त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या उघड्या ठेवूनही विशेष फरक पडला नाही. म्हणजे बाहेर ३५ अंश असताना आत अर्ध्या तासात पन्नाशी ओलांडली जाते. विदर्भ-खानदेशात तर मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात!

कुत्र्याला अधिक त्रास का?

आपले शरीर घामाने थंड होते. कुत्र्याला घाम येतो तो तळपायांना, तोही नाममात्र. त्यामुळे तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. तोंडातील ओलावा उडून रक्त थंड होते. बंद गाडीतील हवा मात्र तापलेली आणि त्याच्याच श्वासाने दमट झालेली असते. मग धापा टाकूनही उपयोग होत नाही. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०६ च्या आसपास गेले की मेंदू, मूत्रपिंडे व आतड्यांना इजा होऊ लागते. पग, बुलडॉग अशी चपट्या नाकाची, तसेच लठ्ठ, म्हातारी व दाट केसांची कुत्री लवकर बळी पडतात.

लक्षणे व प्रथमोपचार

जोरजोराने धापा, तोंडातून चिकट लाळ, लालभडक हिरड्या, उलटी, झोकांड्या आणि शेवटी बेशुद्धी, ही लक्षणे होत.

कुत्र्याला ताबडतोब सावलीत घ्यावे. सर्वांगावर भरपूर गार पाणी ओतावे व वारा घालावा. ओले फडके अंगावर गुंडाळून ठेवू नये. त्याने उष्णता कोंडते. शुद्धीत असेल तर पाणी पिऊ द्यावे, बेशुद्ध असेल तर तोंडात ओतू नये. तापाची गोळी मुळीच देऊ नये. उष्माघात म्हणजे ताप नव्हे. तो गोळीने उतरत नाही आणि माणसांची वेदनाशामके कुत्र्याला विषासमान ठरू शकतात. आधी थंड करावे आणि मग काचा उघड्या ठेवून पशुवैद्यांकडे न्यावे. उठून बसला तरी न्यावे, कारण मूत्रपिंडांची इजा मागाहून दिसते.

प्रवासात काय करावे?

१. पहाटे निघावे. दुपारी ११ ते ४ प्रवास टाळावा.

२. गाडी थांबली की कुत्र्यालाही उतरवावे. जेवण पाळीपाळीने करावे. एकाने त्याच्यासोबत सावलीत बसावे.

३. एसी चालू ठेवून निघून जाऊ नये. इंजिन बंद पडू शकते, कुत्र्याचा पाय बटणावर पडू शकतो.

४. पाण्याचे भांडे सोबत ठेवावे व प्रत्येक थांब्यावर पाणी द्यावे.

५. तोंडाला घट्ट मुसके बांधू नये. तोंड उघडता आले नाही तर धापा टाकणार कशा?

६. डांबरावर चालवण्यापूर्वी आपला पालथा हात पाच सेकंद टेकवून पाहावा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसणार नाही.

७. वाटेवरील पशुवैद्यांचे दूरध्वनी क्रमांक आधीच लिहून घ्यावेत.

हे सारे लहान मुलांनाही तितकेच लागू आहे. झोपलेल्या बाळाला 'पाचच मिनिटे' म्हणून गाडीत ठेवून कधीही जाऊ नये. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापते. गाडीला कुलूप लावण्यापूर्वी मागच्या बाकावर एकदा नजर टाकण्याची सवय लावून घ्यावी. आणि कुत्र्याला उतरवणे जमणारच नसेल, तर त्या दिवशी त्याला घरीच, पाण्यापाशी आणि शेजाऱ्यांच्या देखरेखीखाली ठेवणे हेच खरे प्रेम.