पिकअपला घाटात धाप का लागते? इंजिन उघडण्याआधी एवढं तपासा

आपल्या कितीतरी घरांची रोजीरोटी एका जुन्या पिकअपवर चालते. कुणी भाजीपाला नेतं, कुणी भंगार, कुणी कोंबड्या, कुणी सूत. अशी गाडी चार दिवस उभी राहिली तर घरखर्चाला खड्डा पडतो. आणि मिस्त्री म्हणाला, "इंजिनकाम निघालं", तर थेट दागिन्यांवर पाळी येते.

आमच्या दुल्हेभाईंच्या बाबतीत हेच होणार होतं. भिवंडीहून मालेगावला सूत आणणारी त्यांची जुनी डिझेल पिकअप कसारा घाटात ओढेनाशी झाली. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू व्हायची, गावात नीट चालायची, पण भरलेल्या मालासकट रेस दिली की गुदमरायची. गॅरेजवाल्याने बोअर-पिस्टनचा साठ हजारांचा अंदाज दिला. आपाने बांगड्या काढून ठेवल्या. मला फोन आला तो पैशांसाठी. मी म्हटलं, "दुल्हेभाई, पैशाचं नंतर बघू. आधी सांगा, गाडी नेमकी कधी गुदमरते?"

जास्त रेसलाच त्रास का?

शाळेत मुलांना मी हे सरबताच्या नळीने दाखवतो. नळी थोडी चिमटली तरी छोटे घोट येतात, मोठा घोट मात्र येत नाही. इंजिनचंही तसंच आहे. अडीच लिटरचं, टर्बो नसलेलं इंजिन ८०० फेऱ्यांवर मिनिटाला जास्तीत जास्त १,००० लिटर हवा ओढतं. ३,००० फेऱ्यांवर हाच आकडा ३,७५० लिटरपर्यंत जातो. त्या वेगाला हवा आत घ्यायला प्रत्येक सिलेंडरला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग मिळतो. चढावर भरलेला माल ओढताना डिझेलही तसंच जास्त लागतं. म्हणून हवेच्या, डिझेलच्या किंवा धुराच्या वाटेत थोडा अडथळा असला तर तो गावात कळत नाही, घाटात कळतो.

पिस्टन-रिंग झिजून कॉम्प्रेशन गेलं असेल तर गाडी सहसा थंडीत सकाळी सुरू व्हायलाच त्रास देते आणि निळा धूर सोडते. एका सेल्फमध्ये सुरू होणारी, निळा धूर न सोडणारी गाडी फक्त जास्त रेसला अडत असेल, तर आधी बाहेरच्या वाटा तपासायच्या.

धूर काय सांगतो?

- काळा धूर: डिझेल आहे, हवा कमी पडते. एअर फिल्टर, हवेचे होज, टर्बो किंवा तुंबलेला सायलेन्सर बघा. नोझल खराब असले तरी काळा धूर येतो.
- धूर नाही आणि ताकदही नाही: डिझेलच पुरेसं पोचत नाही, किंवा रेसची केबल पूर्ण ओढली जात नाही.
- पांढरा धूर: डिझेल नीट जळत नाही, टायमिंग किंवा नोझलकडे बघा. रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.
- निळा धूर: ऑइल जळतंय. इथे मात्र इंजिनकामाची शक्यता खरी.

स्वस्तापासून महागाकडे

१. इंजिनच आहे ना? आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. थोडं चालवून एखाद्या चाकाजवळ हात नेला आणि तिथे जास्त गरम वाटलं, तर ब्रेक धरून बसला आहे.

२. रेसची केबल. इंजिन बंद ठेवून एकाला पेडल पूर्ण दाबायला सांगा, दुसऱ्याने पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का ते बघायचं. कधीकधी पेडलखाली मॅटच अडकलेली असते.

३. हवा. एअर फिल्टर उजेडासमोर धरा. प्रकाश दिसत नसेल तर बदला. फिल्टर काढून गाडी पळवू नका, धुळीने इंजिन खरंच झिजेल. जुना होज आतून सुटतो आणि जास्त रेसला चपटा होतो, तोही बघा. टर्बो असेल तर क्लिप सैल आहे का, होज फाटला आहे का ते तपासा. रेस दिल्यावर 'फुस्स' आवाज आणि काळा धूर ही त्याची खूण.

४. डिझेल. फिल्टर शेवटी कधी बदलला? त्यातलं पाणी काढलं का? टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपला बारीक चीर असेल तर तिथून हवा ओढली जाते, पारदर्शक पाइप लावला की बुडबुडे दिसतात. टाकीच्या झाकणाचा हवेचा मार्ग बंद असला तरी डिझेल येणं कमी होतं. टाकीतली जाळी तर हमखास विसरली जाते.

५. सायलेन्सर. पाइप चेपला आहे का, आत काजळी तुंबली आहे का, ते थंड झाल्यावरच बघा.

६. मग मिस्त्रीचं काम. टॅपेट, नोझल, पंपाचं टायमिंग आणि कॉम्प्रेशन टेस्ट. आकडा कागदावर लिहून मागा. तो बघितल्याशिवाय हेड उघडायला हो म्हणू नका.

गाडी कॉमन रेल इंजिनची असेल आणि इंजिनचा दिवा लागला असेल, तर आधी स्कॅनर लावा. अशा गाड्या बिघाड दिसला की स्वतःच ताकद कमी करतात. डिझेलच्या हाय प्रेशर पाइपवर मात्र चालू इंजिनमध्ये कधीही हात धरू नका. त्याची धार कातडीतून आत जाते.

आणखी एक. काही ठिकाणी 'पंप वाढवून' देतात, म्हणजे डिझेल जास्त सोडतात. दोन दिवस गाडी पळते, पण अडथळा तिथेच राहतो. काळा धूर वाढतो, इंजिन तापतं, पीयूसीलाही अडचण येते.

दुल्हेभाईंच्या गाडीचं काय निघालं?

त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट सहज आली. घाटाखाली अस्रच्या नमाजसाठी गाडी बंद करून थांबले, नंतर निघाले तर पाच-सात किलोमीटर गाडी मस्त ओढली, मग परत तेच. काळा धूर नव्हता. म्हणजे चालताना काहीतरी ओढलं जाऊन वाट अडवत होतं आणि थांबल्यावर खाली बसत होतं. टाकी उतरवली तर जाळीवर गंज आणि चिखलाचा थर. टाकी धुतली, फिल्टर बदलला, मजुरीसकट दोन हजारांच्या आत काम झालं. अल्हमदुलिल्लाह, बांगड्या परत आपाच्या हातात गेल्या.

त्या गॅरेजवाल्याला मी लबाड म्हणणार नाही. आपण त्याला "गाडी ओढत नाही" एवढंच सांगितलं होतं. त्यामुळे गॅरेजला जाताना एका कागदावर लिहून न्या: त्रास अचानक सुरू झाला की हळूहळू, गाडी थंड असताना की गरम, रिकामी असताना की भरलेली, न्यूट्रलमध्येही होतो का, धूर कोणता, थांबल्यावर सुधारते का, फिल्टर कधी बदलला. आणि तपासणीत खरंच इंजिनकाम निघालं आणि गाडी विकायची ठरवली, तर घेणाऱ्याला ऐब सांगूनच विका. लपवून मिळालेल्या पैशात बरकत नसते.