माजावरच्या एल्कला साद

सप्टेंबर लागला की अमेरिकेच्या रॉकी पर्वतात एल्क या मोठ्या हरणांचे नर माजावर येतात आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रान त्यांच्या आवाजाने भरून राहतं. आवाज खालच्या सुरात सुरू होतो, झरकन चढत शिट्टीइतका बारीक होतो आणि शेवटी छातीतून हुंकार उमटतात. तीनशे किलोंच्या जनावराच्या गळ्यातून हे येतं, यावर पहिल्यांदा विश्वासच बसत नाही.

धनुष्यबाण घेऊन निघालेल्या शिकाऱ्याला हे जनावर अगदी जवळ यावं लागतं, म्हणून साद घालण्याची कला. पण सादेआधी शोध. उजाडण्यापूर्वी डोंगराच्या सोंडेवर जाऊन नुसतं ऐकायचं. रात्रभर कुरणात चरलेले कळप पहाटे दाट झाडीच्या, बहुधा उत्तरेकडच्या उतारांवर विसाव्याला चढतात. वाटेत शिंगांनी सोललेली खोडं दिसतात. राळ अजून ओली असेल तर नर जवळपासच आहे. तो चिखलाच्या डबक्यात लोळतो, तिथे पाणी गढूळ असतं आणि मुताचा उग्र दर्प दुरूनही येतो.

मग वारा. माझ्या मते सगळं यश इथेच ठरतं. रात्री आणि पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढते. म्हणून पहाटे खालून आणि ऊन चढल्यावर वरून जवळ जायचं. एल्कचे डोळे एकदा फसतील, नाक फसत नाही. माणसाचा वास लागला की सारा कळप डोंगर ओलांडून जातो.

आता साद. तोंडात टाळूला चिकटवायची लेटेक्सची पातळ पट्टी असते आणि घुमारा देण्यासाठी एक नळी. एकटा फिरणारा नर मादीच्या हळुवार ‘म्याँव’सारख्या आवाजाला सहज भुलतो. माद्यांचा कळप राखणारा नर वेगळा. दुरून आव्हान दिलंत तर तो माद्यांना हाकत निघून जातो. तेव्हा गुपचूप शंभरेक मीटरपर्यंत पोचायचं, मगच नराची डरकाळी द्यायची आणि काठीने झुडूप झोडपायचं, म्हणजे समोर प्रतिस्पर्धी शिंगं घासतोय असं त्याला वाटतं. तो सरळ येत नाही. वास घेण्यासाठी वाऱ्याच्या खालच्या बाजूने वळसा घालतो. शिवाय आवाज आला तिथे कोणी दिसलं नाही की थबकतो. म्हणून साद घालणारा मागे आणि धनुर्धारी त्याच्या चाळीस-पन्नास मीटर पुढे बसतो.

नवख्याने नराची डरकाळी बाजूला ठेवून मादीचा आवाज घोटावा. तो सौम्य असतो, चुकला तरी रान बिथरत नाही.

शिकार न करताही हा हंगाम अनुभवता येतो. कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात गेलात तर मात्र नळी गाडीतच ठेवा: तिथे प्राण्यांना साद घालायला कायद्याने बंदी आहे.